मोटारीचा प्राणवायुसंवेदक : दोषाची पारख आणि बदली

मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात तर शाळेत जाणारे शिक्षक, कचेरीत जाणारे कर्मचारी, बाजाराला माल नेणारे बागाईतदार आणि रुग्णाला तालुक्याच्या इस्पितळात पोचवणारे शेजारी या सर्वांचाच व्यवहार वाहनावर अवलंबून आहे. अनेकांनी हे वाहन पगारातून किंवा पिकाच्या उत्पन्नातून हप्ते भरून घेतलेले असते. अशा वाहनाच्या फलकावर एके दिवशी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालत तर असते, पण पेट्रोल अधिक खाऊ लागते. गॅरेजमध्ये नेल्यावर 'सेन्सर गेला, बदलावा लागेल' एवढेच उत्तर मिळते आणि काही हजार रुपये खर्च होतात. दोन आठवड्यांनी तोच दिवा पुन्हा लागला म्हणजे मालक हताश होतो आणि फिटरच्या प्रामाणिकपणाविषयी त्याच्या मनात शंका येते.

पुष्कळदा या प्रकरणात लबाडी कोणाचीच नसते. पारख न करता सुटा भाग बदलला, एवढीच चूक झालेली असते. ज्या भागाविषयी हा गोंधळ सर्वाधिक होतो, त्या प्राणवायुसंवेदकाची माहिती, त्यातील दोष ओळखण्याची रीत आणि तो बदलताना घ्यावयाची काळजी सामान्य वाचकांना समजेल अशा भाषेत देण्याचा येथे प्रयत्न केला आहे. प्रत्येकाने हातात पाना घ्यावा, असा याचा हेतू नाही. परंतु आपल्या गाडीचे काय होत आहे हे मालकाला कळले, तर तो योग्य प्रश्न विचारू शकतो आणि त्याचा पैसा व गावची हवा या दोन्हींचे रक्षण होते.

हा संवेदक म्हणजे काय

गॅरेजमध्ये याला 'ऑक्सिजन सेन्सर', 'ओटू सेन्सर' किंवा 'लॅम्डा सेन्सर' असे म्हणतात. दिसायला तो एखाद्या जाड स्पार्क प्लगसारखा असतो. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत तो आट्यांनी बसवलेला असतो व त्याच्या शेपटीकडून बहुधा चार तारा निघतात. त्याचे काम एकच : जळून बाहेर पडलेल्या वायूत प्राणवायू किती उरला आहे, हे सतत तपासून इंजिनाच्या संगणकाला कळवणे.

ही बातमी इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी चुलीचा दृष्टान्त पुरेसा आहे. चुलीत लाकडे अधिक कोंबली आणि हवा कमी पडली तर धूर होतो. हवा जास्त आणि जळण कमी झाले तर आच मंदावते. पेट्रोल इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके साधले म्हणजे शास्त्रज्ञ 'लॅम्डा' या ग्रीक अक्षराने दर्शवलेली किंमत १ आहे असे म्हणतात. संवेदकाचे दुसरे नाव त्यावरूनच पडले. पेट्रोल जास्त झाले तर लॅम्डा १ पेक्षा कमी होते आणि मिश्रण 'गडद' झाले असे म्हणतात. हवा जास्त झाली तर लॅम्डा १ पेक्षा अधिक होते व मिश्रण 'पातळ' समजले जाते.

संवेदकाच्या टोकाशी झिरकोनियम डायऑक्साइड या चिनीमातीसारख्या पदार्थाची लहानशी टोपी असते आणि तिच्या आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ लेप असतो. टोपीच्या बाहेरील अंगास धूर लागतो व आतील अंगास बाहेरची स्वच्छ हवा पोचते. स्वच्छ हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तर धुरात फारच थोडा. हा पदार्थ सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्राणवायूतील फरकामुळे त्यात अल्पसा विद्युत्दाब निर्माण होतो. मिश्रण गडद असेल तर धुरात प्राणवायू जवळजवळ नसतो, फरक मोठा होतो आणि दाब ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत चढतो. मिश्रण पातळ असेल तर दाब ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. मधली सीमा सुमारे ०.४५ व्होल्ट धरली जाते.

संगणक हा आकडा पाहतो आणि पेट्रोल किंचित कमी किंवा अधिक सोडतो. त्याचा परिणाम धुरात दिसतो, तो संवेदक पुन्हा कळवतो आणि हे चक्र अखंड चालू राहते. म्हणूनच निरोगी संवेदकाचा दाब एका जागी स्थिर राहत नाही. तो तराजूच्या काट्याप्रमाणे सतत वरखाली होत असतो.

या ज्ञानाची वाटचाल

ज्या नियमावर हा संवेदक चालतो, तो वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडला. त्यास १९२० या वर्षाचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याने विजेच्या एका दिव्यासाठीही झिरकोनियमयुक्त असाच पदार्थ वापरला होता. मोटारीत मात्र हे तत्त्व येण्यास १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीतील बॉश कंपनीने लॅम्डा संवेदकाचे उत्पादन सुरू केले आणि स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने अमेरिकेत पाठवायच्या मोटारींत तो प्रथम बसवला. कॅलिफोर्नियातील धुराविषयीचे कडक नियम हे त्यामागील कारण होते. पुढे १९८२ मध्ये आतच तापक तार असलेला संवेदक आला. त्यामुळे गाडी सुरू केल्यावर तो लवकर तापून कामास लागू लागला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक सक्तीचा झाला. शिसे उत्प्रेरकाला मारक असल्यामुळे शिसेविरहित पेट्रोलही आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. भारत स्टेज या नावाचे नियम पायरीपायरीने कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून स्टेज चार देशभर लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज सहा. आज रस्त्यावर धावणारी बहुतेक पेट्रोल मोटार या संवेदकावाचून नीट चालू शकत नाही.

पुढचा आणि मागचा

आधुनिक मोटारीत असे संवेदक किमान दोन असतात. पहिला उत्प्रेरकाच्या अगोदर, इंजिनाजवळ. दुसरा उत्प्रेरकाच्या नंतर. दोघांचे काम निरनिराळे आहे, आणि ते न कळल्यामुळे पुष्कळदा चुकीचा संवेदक बदलला जातो.

उत्प्रेरक म्हणजे सायलेन्सरच्या नळीतील एक डबा होय. त्यातील मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तीन घातक द्रव्यांचे तो पुष्कळशा निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. परंतु तिन्ही कामे एकाच वेळी व्हावयाची असतील तर मिश्रण लॅम्डा १ च्या अगदी निकट राहावे लागते. हे प्रमाण राखण्याची जबाबदारी पुढच्या संवेदकावर असते. उत्प्रेरक आपले काम नीट करतो की नाही, यावर मागचा संवेदक देखरेख ठेवतो. उत्प्रेरक चांगला असेल तर मागच्या संवेदकाचा दाब ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास बराचसा स्थिर राहतो. तोही पुढच्याप्रमाणे भराभर वरखाली होऊ लागला, तर दोष बहुधा उत्प्रेरकात असतो, संवेदकात नव्हे.

येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. अलीकडच्या अनेक मोटारींत पुढच्या जागी 'वाइडबँड' अथवा 'एअर फ्युएल' नावाचा अधिक सूक्ष्म संवेदक असतो. त्याला बहुधा पाच तारा असतात व त्याचे मोजमाप वर सांगितलेल्या ०.१ ते ०.९ व्होल्टच्या हिशेबात बसत नाही. साध्या मल्टिमीटरने त्याची परीक्षा करू गेल्यास चांगला संवेदकही वाईट ठरेल. त्याची पारख स्कॅनरवरील आकड्यांनीच करावी.

संवेदक का बिघडतो

पहिले कारण वय. तापक नसलेले जुने संवेदक ५० ते ८० हजार किलोमीटरनंतर मंदावत असत. तापक असलेले आजचे संवेदक दीड लाख किलोमीटरच्या आसपास टिकतात. त्यापूर्वीच तो बिघडला असेल तर त्याला काहीतरी बाधा झाली आहे असे समजावे आणि तिचा शोध घ्यावा. इंजिन ऑइल जळू लागले तर त्याची राख टोकावर बसते. इंजिन थंड ठेवणारे कूलंट गळून ज्वलनकक्षात शिरले तरीही टोकावर थर चढतो. मिश्रण फार गडद असेल तर काजळी साचते. गॅस्केट चिकटवताना सर्वसाधारण सिलिकॉन लेप वापरला तर त्याच्या वाफा संवेदकाला विषासारख्या बाधतात. म्हणून 'संवेदकास सुरक्षित' असे छापलेलाच लेप वापरावा.

कोकण व गोव्याच्या किनारपट्टीत आणखी तीन शत्रू आहेत. पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी नेली की तापलेल्या संवेदकावर एकाएकी गार पाणी उडून आतील चिनीमातीला तडा जाऊ शकतो. खाऱ्या हवेने तारांच्या जोडणीतील पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो. आणि पावसाळ्यात ऊब शोधत बोनेटखाली शिरणारे उंदीर तारा कुरतडतात. यांपैकी शेवटच्या दोन कारणांत संवेदक ठणठणीत असतो, बिघडलेली असते ती वायर. तेव्हा नवा संवेदक घेतला तरी दिवा जाणार नाही.

लक्षणे

फलकावरील पिवळा दिवा लागणे, गाडी पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल खाणे, उभी असताना इंजिन डळमळणे, पिकअप मंदावणे, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी किंवा सडक्या अंड्यासारखा वास, प्रदूषण तपासणीत गाडी अनुत्तीर्ण होणे : ही नेहमीची लक्षणे होत. शेवटच्या लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे. भारत स्टेज चार व त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींच्या तपासणीत इंजिन मिनिटास सुमारे २५०० फेऱ्यांवर नेऊन लॅम्डाही मोजला जातो आणि तो ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे प्रदूषण तपासणीचा कागद हा केवळ पोलिसांस दाखवण्याचा दाखला नसून आपल्या इंजिनाच्या प्रकृतीचा अहवालही आहे. तो नीट वाचून जपून ठेवावा.

पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवून गॅरेजपर्यंत नेता येते. तो उघडझाप करू लागला तर मात्र इंजिनाच्या एखाद्या नळकांड्यात पेट्रोल न जळता बाहेर पडत आहे असा त्याचा अर्थ असतो. ते पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन पेटते आणि काही वेळातच तो निकामी होऊ शकतो. अशा वेळी वेग कमी करून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी.

दोषाची पारख

पहिली पायरी : संकेतांक वाचणे. स्टेअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यास स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदवलेला दोषाचा संकेतांक दिसतो. तो कागदावर लिहून घ्यावा. पुसून टाकण्याची घाई करू नये. दोष कोणत्या वेगास व इंजिन किती तापलेले असताना घडला हेही त्या नोंदीत मिळते.

संकेतांकांचा अर्थ लावताना एक भेद ध्यानी ठेवावा. पी ०१३० ते पी ०१३५ हे पुढच्या संवेदकाच्या स्वतःच्या तक्रारी आहेत : पी ०१३१ म्हणजे दाब सतत कमी, पी ०१३२ म्हणजे सतत जास्त, पी ०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद, पी ०१३४ म्हणजे हालचालच नाही आणि पी ०१३५ म्हणजे तापकाच्या मंडलात दोष. पी ०१३६ ते पी ०१४१ हे त्याच क्रमाने मागच्या संवेदकाचे. परंतु पी ०१७१ म्हणजे 'मिश्रण पातळ आहे' आणि पी ०१७२ म्हणजे 'मिश्रण गडद आहे'. या दोन संकेतांकांत संवेदक हा आरोपी नसून साक्षीदार असतो. त्याने खरी बातमी दिली, म्हणून त्यालाच बदलणे म्हणजे चोरीची खबर देणाऱ्यास कोठडीत टाकण्यासारखे आहे. पी ०४२० चा रोख तर उत्प्रेरकाकडे असतो.

दुसरी पायरी : डोळे आणि कान. बोनेट उघडून संवेदकाच्या तारा कुरतडलेल्या, वितळलेल्या किंवा नळीला टेकलेल्या आहेत का, जोडणीत ओल अथवा गंज आहे का, हे पाहावे. थंड इंजिन सुरू करून धुराच्या नळीच्या सांध्यांशी 'फट् फट्' असा बारीक आवाज येतो का, काजळीची रेघ दिसते का, हे पाहावे. संवेदकाच्या अगोदर नळी फुटलेली असेल तर तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदकास प्राणवायू अधिक दिसतो, तो 'मिश्रण पातळ' असे कळवतो व संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. एखादा स्पार्क प्लग ठिणगी टाकत नसेल तरीही न वापरलेला प्राणवायू बाहेर येऊन हीच फसगत होते. म्हणून प्लग व त्यांच्या कॉइल तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी : तापक. संकेतांक पी ०१३५ असेल तर प्रथम फ्यूज पाहावा. मग जोडणी सोडून, इंजिन चालू ठेवून, गाडीकडील बाजूस तापकाच्या पिनेवर बॅटरीइतका म्हणजे सुमारे १२ व्होल्ट दाब येतो का ते मोजावे. तो येत असेल तर इंजिन बंद करून संवेदकाकडील तापकाच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. पुष्कळ गाड्यांत या दोन तारा एकाच रंगाच्या, बहुधा पांढऱ्या असतात. तरी गाडीची पुस्तिका पाहूनच खात्री करावी. थंड तापकाचा रोध साधारणतः थोड्या ओहमचा, बहुधा २० च्या आत असतो. मीटर काहीच दाखवीत नसेल तर आतील तार तुटली आहे आणि संवेदक बदलणे भाग आहे. संकेताच्या तारांवर मात्र ओहमचे माप कधीही लावू नये. त्याने चांगला संवेदक बिघडू शकतो.

चौथी पायरी : संकेताची चाल. इंजिन पुरेसे तापवून, मिनिटास सुमारे २००० फेऱ्यांवर स्थिर ठेवून स्कॅनरवर पुढच्या संवेदकाचा दाब पाहावा. साध्या संवेदकाचा दाब ०.२ च्या खाली आणि ०.७ च्या वर असा दहा सेकंदांत अनेक वेळा फिरला पाहिजे. तो ०.४५ वरच खिळून राहिला तर संवेदक झोपलेला आहे किंवा तार तुटलेली आहे. सावकाश फिरत असेल तर तो म्हातारा झाला आहे.

पाचवी पायरी : खरी कसोटी. दाब सतत कमी दिसत असेल तर संवेदक खोटे सांगतो की मिश्रण खरोखरच पातळ आहे, हे ठरवायचे असते. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून इंजिनास झटका द्यावा. क्षणभर मिश्रण गडद होते आणि दाब ०.८ च्या वर गेला पाहिजे. नंतर इंजिनाची एखादी लहान व्हॅक्यूम नळी क्षणभर सोडावी. बाहेरची हवा शिरून दाब खाली आला पाहिजे. दोन्ही वेळा संवेदकाने तत्काळ उत्तर दिले तर तो निर्दोष आहे. दोष दुसरीकडे शोधावा.

सहावी पायरी : इंधनदुरुस्तीचा टक्का. संगणक आपल्या मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल अधिक वा उणे सोडीत आहे, हे स्कॅनरवर दिसते. हा आकडा सामान्यतः दहा टक्क्यांच्या आत असावा. इंजिन उभ्या गाडीत मंद चालताना तो बराच वाढलेला असेल आणि २५०० फेऱ्यांवर नेताच सुधारत असेल तर हवा गळतीची जागा शोधावी. उलट भार पडल्यावर तो वाढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा गाळणी तपासावी. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते हेही येथे लक्षात घ्यावे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असल्याने अशा मिश्र इंधनास हवा थोडी कमी, सुमारे १३.५ पट, लागते. त्यामुळे जुन्या गाडीत हा टक्का काहीसा वाढलेला दिसला, तर तेवढ्यावरून संवेदकास दोष देऊ नये.

एक उदाहरण

समजा, डिचोली तालुक्यातील एका शिक्षकांच्या दहा वर्षे जुन्या मोटारीत पी ०१७१ हा संकेतांक आला. घाईने संवेदक बदलला तर काही हजार रुपये जातील आणि दिवा पुन्हा लागेल. परंतु पारख केल्यावर असे दिसले की, झटका देताच दाब ०.८५ व्होल्टपर्यंत जातो. म्हणजे संवेदक जिवंत आहे. इंधनदुरुस्ती मंद गतीस २२ टक्के आणि २५०० फेऱ्यांवर ५ टक्के आहे. म्हणजे हवा कोठूनतरी गळते आहे. शोध घेता एक रबरी व्हॅक्यूम नळी उन्हापावसाने चिरलेली सापडली. ती बदलण्याचा खर्च संवेदकाच्या किमतीपुढे नगण्य आहे. अर्ध्या तासाच्या तपासणीने जे साधते, ते नुसता भाग बदलून साधत नाही. म्हणून तपासणीची मजुरी मागणाऱ्या फिटरला ती आनंदाने द्यावी. तपास हेच खरे कौशल्याचे काम आहे.

बदलण्याची रीत

संवेदकच दोषी ठरला तर गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून योग्य भाग मागवावा. कोणत्याही गाडीस चालणारा, तारा कापून जोडावयाचा स्वस्त संवेदक शक्यतो घेऊ नये. काही संवेदकांस संदर्भासाठी लागणारी स्वच्छ हवा तारांच्या आवरणातूनच मिळते. अशा तारा डागल्या अथवा जोडणीत ग्रीस भरले तर तो श्वास कोंडतो.

काम मोकळ्या जागी, सपाट जमिनीवर करावे. बंद पडवीत किंवा गॅरेजचे दार लावून इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला कळतही नाही. गाडी उचलावयाची असेल तर चाकांना अडणी लावून, भक्कम स्टँडवर टेकवूनच खाली जावे. केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये.

चावी काढून घ्यावी आणि बॅटरीची ऋण तार सोडावी. धुराची नळी फार तापलेली असल्यास हात भाजतो आणि पूर्ण थंड असल्यास आटे घट्ट बसतात. म्हणून ती कोमट असताना काम करणे सोयीचे असते. आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ जाऊ द्यावा. प्रथम जोडणीची खिट्टी दाबून तारा सोडवाव्या. मग तारेसाठी बाजूस खाच असलेले २२ मिलिमीटरचे सॉकेट लावून संवेदक सावकाश, न झटकता सोडवावा. तो अडला तर थोडा परत आवळून पुन्हा सोडवावा. जोर करून आटे तोडू नयेत.

जुन्या संवेदकाचे टोक पाहून ठेवावे. काळी कोरडी काजळी गडद मिश्रणाची, तेलकट काळा थर ऑइलचा आणि पांढरट थर कूलंट किंवा सिलिकॉनचा निदर्शक असतो. मूळ कारण दूर केले नाही तर नवा संवेदकही त्याच वाटेने जाईल.

नव्या संवेदकाच्या टोकास बोट लावू नये आणि तो जमिनीवर पडू देऊ नये. आतील चिनीमाती फुटली तरी बाहेरून दिसत नाही. आट्यांवर जाम न होण्याचा लेप बहुधा कारखान्यातच लावलेला असतो. नसल्यास केवळ आट्यांवर थोडा लावावा, टोकावर मुळीच लागू देऊ नये. प्रथम हाताने पूर्ण फिरवून बसवावा, म्हणजे आटे वाकडे चढत नाहीत. नंतर पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा. नेहमीच्या १८ मिलिमीटर आट्यांच्या संवेदकास हे माप साधारणतः ४० ते ५० न्यूटन मीटर असते. तारा पूर्वीच्याच वाटेने, तापलेल्या नळीपासून दूर, मूळच्या पकडींत अडकवून न्याव्या. शेवटी बॅटरी जोडून, संकेतांक पुसून, गाडी शहरातील व मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर चालवावी आणि स्कॅनरवर दाबाची चाल पुन्हा पाहावी. काही दिवस दिवा लागला नाही, म्हणजे काम पुरे झाले.

जे करू नये

दिव्याची तार तोडणे, उत्प्रेरक काढून साधी नळी बसवणे, किंवा मागच्या संवेदकास नळीबाहेर ओढणारा तुकडा लावून संगणकाची दिशाभूल करणे, असे उपाय काही ठिकाणी सुचवले जातात. त्यांनी दिवा विझतो, पण विषारी धूर वाढतो. तो धूर शाळेच्या फाटकासमोर, बाजारात आणि आपल्याच अंगणात पसरतो. शिवाय मिश्रण गडद राहिल्यास इंजिन ऑइल पेट्रोलने पातळ होते आणि उत्प्रेरक जळतो. त्याची किंमत संवेदकाच्या कित्येक पट असते. आज वाचवलेले रुपये उद्या व्याजासह द्यावे लागतात.

दुचाकी चालकांसाठी

स्टेज सहाचे नियम आल्यापासून नव्या स्कूटर व मोटारसायकलींतही कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि तिच्यासोबत हा संवेदकही आला. त्याचे आटे लहान असतात, पण तत्त्व तेच आहे. स्कूटर धुताना सायलेन्सरच्या मुळाशी जोराचा फवारा मारू नये, तारा अधूनमधून पाहाव्या आणि फलकावर दिवा लागल्यास पारखीचा हाच क्रम पाळण्याचा आग्रह फिटरकडे धरावा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांस या विषयात चांगली संधी आहे. स्कॅनर आणि मल्टिमीटर चालवता येणारा, पारख करून मगच भाग बदलणारा फिटर गावात असेल तर लोकांना दूरच्या शहरी गॅरेजच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत. विज्ञानाच्या शिक्षकांनाही ज्वलन, प्राणवायू आणि विद्युत्दाब हे पाठ शिकवताना शाळेबाहेर उभ्या असलेल्या मोटारीचा हा दाखला देता येईल. ज्या कार्यालयांकडे शासकीय वाहने आहेत, त्यांनी दुरुस्तीच्या मागणीपत्रासोबत संकेतांक व तपासणीचे आकडे नोंदवून घेण्याची पद्धत ठेवावी. अनाठायी खर्च टळेल.

वाहनमालकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे : दिवा लागला तर घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये, संकेतांक लिहून मागावा, 'संवेदक दोषी आहे हे कशावरून ठरवले' असा प्रश्न नम्रपणे विचारावा, आणि बदललेला जुना भाग आपल्या हाती घ्यावा. एवढी दक्षता घेतली तर खिशावरचा भार हलका होईल आणि आपल्या वाहनाचा धूर शेजाऱ्यांना बाधणार नाही.